स्कॉटलंडच्या डोंगरवाटांवर स्पोर्ट्स कार : सात दिवसांच्या प्रवासाची तयारी, मार्ग आणि शिस्त

स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिम टोकाकडे जाणारे बरेचसे रस्ते जेमतेम तीन मीटर रुंद आहेत. दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, म्हणून दर काही अंतरावर डांबर थोडे फुगवून साइड देण्यासाठी जागा केलेली असते. बाकी सगळीकडे डावीकडे दलदल, उजवीकडे दलदल आणि मध्ये आपण. अशा रस्त्यावर अडीचशे-तीनशे अश्वशक्तीची गाडी घेऊन जाण्यात काय अर्थ, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे माझे उत्तर असे की, इथे स्पोर्ट्स कारचा उपयोग वेगासाठी नसतो. हलकी गाडी, नेमके स्टिअरिंग, भक्कम ब्रेक, उघडे छत आणि चालकाला रस्त्याचा प्रत्येक चढउतार हातात जाणवावा अशी बैठक या गुणांचे चीज तासाला पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगात इथे जितके होते तितके कोणत्याही मोटरवेवर होत नाही. ही गोष्ट मनाशी पक्की करून आखणी केली, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

हा लेख भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्या आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, अशा दोन्ही मराठी वाचकांसाठी लिहिला आहे. मी एडिनबऱ्यात राहतो आणि या मार्गाचे वेगवेगळे तुकडे अनेकदा चालवले आहेत. घाटात गाडी शिकलेल्या माणसाला इथे एक मोठी सोय आहे. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते आणि चढणाऱ्या गाडीला पहिला मान हा आपल्याकडचा जुना नियम इथेही पाळला जातो.

हंगाम कोणता निवडावा

मे आणि सप्टेंबर हे दोन महिने सर्वांत चांगले. मे महिन्यात पश्चिम किनारा तुलनेने कोरडा असतो, झुडपांवर पिवळी फुले आलेली असतात आणि दिवस मोठा असतो. जूनच्या मध्यावर तर उत्तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेस शहरात सूर्य रात्री दहानंतर मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्ट्यांमुळे निवासी गाड्यांची (मोटरहोम) गर्दी होते आणि ‘मिज’ नावाचे बारीक चावरे चिलट भरात असते. वारा पडला, हवा दमट झाली आणि संध्याकाळ उतरू लागली की ते थव्याने येते आणि छत उघडे ठेवून थांबणे अशक्य करते. वारा सुटला की ते नाहीसे होते, त्यामुळे थांबायची जागा निवडताना झाडीतल्या आडोशापेक्षा उघडा माळ किंवा समुद्रकाठ बघावा. सप्टेंबरमध्ये डोंगर तांबूस होतात आणि गर्दी ओसरते. डिसेंबरमध्ये मात्र इन्व्हरनेसला दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, खिंडींतले रस्ते बर्फाने बंद होतात आणि रुंद, गुळगुळीत उन्हाळी टायरांची मागच्या चाकांवर चालणारी गाडी धोकादायक ठरते. हिवाळ्यात हा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी कोणती आणि कशी घ्यावी

इथे अश्वशक्तीपेक्षा गाडीची रुंदी महत्त्वाची आहे. सध्याच्या पिढीची माझदा एमएक्स-५ आरशांशिवाय १,७३५ मिलिमीटर रुंद आहे, तर अलीकडची पोर्शे ९११ सुमारे १,८५० मिलिमीटर. कागदावर हा फरक चार बोटांचा दिसतो, पण तीन मीटरच्या रस्त्यावर समोरून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला की तो फरक घामाच्या रूपाने कळतो. म्हणून पहिल्या प्रवासाला लहान, हलकी, दोन आसनांची उघड्या छताची गाडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. अशा गाडीची डिकी १३० लिटरची, म्हणजे केबिनमध्ये नेण्याच्या दोन मऊ बॅगा मावतील एवढीच असते. कडक सूटकेस आत जात नाहीत, हे घरी बॅग भरतानाच लक्षात घ्यावे.

भारतीय वाहन परवान्यावर पर्यटकाला ग्रेट ब्रिटनमध्ये १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरीही भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मागतात आणि तो निघण्यापूर्वी भारतातल्या आरटीओकडूनच काढावा लागतो, त्यामुळे सोबत असलेला बरा. स्पोर्ट्स कारसाठी वयाची अट बहुधा पंचविशीच्या किंवा तिशीच्या पुढची असते, परवाना काही वर्षे जुना असावा लागतो आणि अनामत रक्कम क्रेडिट कार्डवरच घेतली जाते. करार वाचताना तीन गोष्टी शोधून काढाव्यात. पहिली, दिवसाला किती मैलांची मर्यादा आहे आणि त्यापुढे प्रत्येक मैलाला किती आकारणी होते. दुसरी, ‘एक्सेस’, म्हणजे नुकसान झाल्यास विमा लागू होण्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम किती. तिसरी आणि या मार्गासाठी सर्वांत महत्त्वाची, टायर, चाकांच्या रिम, काच आणि गाडीचा तळ विम्यात धरले आहेत की नाहीत. बऱ्याचदा धरलेले नसतात, आणि डोंगरात नेमके तेच जायबंदी होतात.

टायरचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. लॉख एरिबोलच्या (लॉख म्हणजे तलाव किंवा समुद्राची चिंचोळी खाडी) काठाने जाताना समोरच्या गाडीला जागा द्यायला मी चाक थोडे बाहेर काढले. डांबराची कड तिथे तुटून पात्यासारखी धारदार झाली होती आणि तिने डाव्या टायरची बाजू चिरली. अशा गाड्यांत जादा चाक नसते, फक्त भोक बुजवणारा फेस आणि छोटा पंप असतो. तळव्यातले खिळ्याचे भोक त्याने बुजते, पण बाजूची चीर बुजत नाही. मदतीचा ट्रक येईपर्यंत जवळजवळ चार तास आम्ही त्या माळावर बसून होतो. तेव्हापासून दोन नियम मी मोडत नाही. साइड देण्यासाठी केलेल्या जागेशिवाय चाक डांबराबाहेर काढायचे नाही, आणि गाडी ताब्यात घेतानाच चारही टायर हात फिरवून तपासायचे. कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, पण स्कॉटलंडच्या पावसात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी स्वीकारत नाही. गाडीचे सर्व बाजूंनी, रिमचे आणि पुढच्या बंपरच्या ओठाच्या खालच्या भागाचे फोटो काढून मगच किल्ली खिशात घालावी.

इंधन, नकाशा आणि पैसे

ब्रिटनमधले साधे पेट्रोल ‘ई-१०’, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले, आहे. अनेक जुन्या आणि काही नव्या स्पोर्ट्स कारना ९७ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे ‘सुपर’ पेट्रोल लागते. टाकीच्या झाकणाआड काय लिहिले आहे ते पाहावे, कारण दूरच्या खेड्यांत एकाच प्रकारचे पेट्रोल मिळण्याची शक्यता असते. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपाची वाट न पाहता भरून घ्यावी. या मार्गावर इन्व्हरनेस, गेअरलॉख, उल्लापूल आणि डरनेस इथे पेट्रोल मिळते, आणि अ‍ॅपलक्रॉसला गावकऱ्यांनी चालवलेला पंप आहे. काही पंपांवर माणूस नसतो. कार्ड आधी मशीनमध्ये घालावे लागते आणि खात्यातली मोठी रक्कम थोडा वेळ अडकून राहते. भारतीय कार्ड वापरत असाल तर परदेशी व्यवहार सुरू असल्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी.

डोंगरात मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि कागदी नकाशाही जवळ ठेवावा. गाडी चालवताना फोन हातात धरला तर २०० पौंड दंड आणि परवान्यावर दंडाचे सहा गुण लागतात, म्हणून तो स्टँडवर लावून मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावा.

चाक हातात घेण्यापूर्वी शिकायच्या सवयी

वेगाचे आकडे मैलात असतात. पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा दिसला की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, असा त्याचा अर्थ. ही पाटी तीन मीटर रुंदीच्या, पुढचे काहीच न दिसणाऱ्या वळणावरही असू शकते. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. अनेक गावांत आता ताशी २० मैलांची मर्यादा आहे आणि ती गांभीर्याने पाळावी.

‘हायवे कोड’ या ब्रिटनच्या अधिकृत नियमपुस्तिकेत थांबण्याचे अंतर दिलेले आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० मैल वेगात २३ मीटर, ४० मैल वेगात ३६ मीटर आणि ६० मैल वेगात ७३ मीटर. एकपदरी रस्त्यावर समोरचाही आपल्यासारखाच येत असतो, त्यामुळे दिसणाऱ्या मोकळ्या अंतराच्या निम्म्यात आपल्याला थांबता आले पाहिजे. ४० मैलांनी जायचे असेल तर किमान ७२ मीटर रस्ता रिकामा दिसला पाहिजे. हे गणित डोक्यात ठेवले की पायाला आपोआप शिस्त लागते.

वळण वाचण्याची एक पद्धत इथले अनुभवी चालक वापरतात. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. आपण पुढे जाताना तो बिंदू पुढे सरकत असेल तर वळण उघडत आहे. तो जागच्या जागी थांबला तर वळण आवळत आहे, तेव्हा वेग आधीच उतरवावा. ब्रेक सरळ रेषेत, वळणापूर्वी, आणि वळणात चाके फिरती ठेवण्यापुरता हलका अ‍ॅक्सिलरेटर. स्पोर्ट्स कारचा खरा आनंद या एका कृतीत आहे, आणि ती ३५ मैलांच्या वेगातही पुरेपूर मिळते.

आता साइड देण्याविषयी, कारण नवखा माणूस सर्वाधिक चुका इथे करतो. एकपदरी रस्त्यावर साइडच्या जागेशी पांढरी पाटी असते. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबावे. उजव्या हाताला असेल तर तिकडे कधीही शिरू नये. आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबावे आणि समोरच्याला त्या फुगीर भागातून वळून जाऊ द्यावे. दूरवर गाडी दिसताच जवळची जागा कोणती हे दोघांनीही मनात मोजायचे असते. ज्याच्या जवळ आहे त्याने थांबायचे, आणि गरज पडली तर न कुरकुरता मागे घ्यायचे. मागून कोणी चिकटून आले तर ते घाईत आहेत असे समजून त्यांना पुढे जाऊ द्यावे. या भागातली रुग्णवाहिका, शाळेची बस आणि परिचारिकेची गाडी याच रस्त्याने जाते. डरनेसहून इन्व्हरनेसचे मोठे रुग्णालय गाठायला अडीच तासांच्या आसपास लागतात. पर्यटकांच्या गाड्यांचे तांडे आणि साइडच्या जागेत गाडी लावून फोटो काढणारे लोक यांबद्दल स्थानिकांचा राग आहे आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. चार मित्र चार गाड्या घेऊन येत असाल, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने निघा आणि मुक्कामी भेटा. साइड मिळाल्यावर हात वर करून आभार मानायला मात्र विसरू नये.

आपली हॉर्नची सवय इथे आवरावी लागते. अगदी आंधळ्या वळणावर एक छोटा इशारा चालतो. रस्त्यात बसलेल्या मेंढ्यांना हॉर्न देऊ नये, त्या घाबरून उलट दिशेला धावतात. एप्रिल-मेमध्ये कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल, तर ते कोकरू आडवे धावणारच असे धरून चालावे. हरणे पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतात. एक दिसले की मागून आणखी येतात. गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. त्यांवरून सरळ, सावकाश आणि ब्रेक न लावता जावे, विशेषतः पाऊस असताना.

मद्याबाबत स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा कडक आहे. ५ डिसेंबर २०१४ पासून इथली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ती ८० आहे. वाटेत व्हिस्कीचे कारखाने लागतात. बरेच कारखाने चालकाचा चाखण्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, तो घ्यावा आणि मुक्कामी उघडावा.

मार्ग : दिवसाला किती चालवावे

इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघून तिथेच परतणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा सुमारे ५१६ मैलांचा मार्ग २०१५ मध्ये जाहीर झाला आणि जगभर गाजला. लोक तो तीन-चार दिवसांत उरकतात आणि थकून परत येतात. मी माझ्या पहिल्या प्रवासात रोजचा टप्पा नकाशावरच्या मैलांनी मोजला होता, आणि दोन रात्री जेवणघर बंद झाल्यावर पोहोचलो होतो. या भागातली स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. एकपदरी रस्त्यावर दिवसाला शंभर ते दीडशे किलोमीटर पुरेसे, दुपदरीवर दोनशे-अडीचशे. म्हणून पुढचा मार्ग मी त्या ५१६ मैलांतला उत्तम पश्चिम भाग ठेवून आणि ईशान्येचा सपाट भाग गाळून आखला आहे.

पहिला दिवस एडिनबऱ्याहून ग्रँटाउन-ऑन-स्पे, सुमारे २४० किलोमीटर. ए-९ हा सरळ महामार्ग घेऊ नये. डनब्लेन ते इन्व्हरनेस त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत आणि चालकाला करण्यासारखे तिथे काही नाही. पर्थवरून ब्लेअरगौरी गाठावे आणि ए-९३ धरावा. ब्लेअरगौरीपासून ग्रँटाउनपर्यंतच्या ९० मैलांना ‘स्नो रोड्स’ म्हणतात. ग्लेनशीच्या दरीतून रस्ता चढत ६७० मीटर उंचीच्या केर्नवेल खिंडीत जातो. ब्रिटनमधल्या मुख्य रस्त्यांत एवढी उंची दुसऱ्या कोणाची नाही. रस्ता दुपदरी, डांबर चांगले आणि दूरपर्यंत नजर जाते, त्यामुळे नव्या गाडीशी ओळख करून घेण्यासाठी यापेक्षा चांगला पहिला दिवस मला माहीत नाही. ब्रेमारला जेवून पुढे ए-९३९ वर वळावे. कॉकब्रिजपाशी २० टक्के चढाची पाटी दिसते आणि रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. घाट वळसे घेत का चढत नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. १७४५ च्या जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, उठावानंतर डोंगराळ भागावर ताबा ठेवण्यासाठी सैन्याने हे रस्ते बांधले, आणि ते गाड्यांसाठी नव्हे तर पायी चालणाऱ्या पलटणींसाठी होते. लेक्ट खिंड उतरल्यावर रस्त्याजवळ एक कोरीव दगड आहे. ३३ व्या रेजिमेंटच्या पाच कंपन्यांनी इथून स्पे नदीपर्यंतचा रस्ता १७५४ मध्ये बांधला, असे त्यावर लिहिले आहे. तिथे दहा मिनिटे थांबावे. उतारावर ब्रेक तापले असतील तर तेही तेवढ्यात निवतात. आपल्या घाटांप्रमाणेच उतार खालच्या गिअरवर उतरावा, स्वयंचलित गाडीत गिअर हाताने निवडावा.

दुसरा दिवस इन्व्हरनेसवरून अ‍ॅपलक्रॉस, सुमारे १८५ किलोमीटर, आणि संपूर्ण प्रवासातला सर्वांत मोठा घाट. इन्व्हरनेसला टाकी भरून गार्व्ह, अख्नाशीन आणि लॉखकॅरनमार्गे टोर्नाप्रेसला यावे. तिथे डाव्या हाताला मोठी पाटी आहे. शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि कॅरव्हान यांनी हा रस्ता घेऊ नये, असा तिचा आशय. हीच बेलाख ना बा, गेलिक भाषेत ‘गुरांची खिंड’. पूर्वी या वाटेने गुरे बाजाराला हाकली जात. समुद्रसपाटीजवळून रस्ता ६२६ मीटरपर्यंत चढतो आणि शेवटी कड्याला बिलगून एकावर एक हेअरपिन वळणे घेतो. टोर्नाप्रेसकडूनच चढावे. वळणे चढावर येतात, ब्रेक तापत नाहीत आणि चढणाऱ्या गाडीला पहिला मान असतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सहानंतर जावे, दुपारी निवासी गाड्या एकमेकींत अडकून बसतात. ढग खिंडीवर टेकले असतील तर खाली थांबून वाट पाहावी किंवा सरळ शील्डेगकडून किनाऱ्याच्या रस्त्याने अ‍ॅपलक्रॉस गाठावे. त्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी शेवटच्या हेअरपिनच्या खालच्या जागेत छत उघडून थांबलो होतो. इंजिन बंद केल्यावर तापलेल्या धातूचा टिकटिक आवाज, कड्यावरून गळणारे पाणी आणि कुठेतरी वर एक मेंढी, एवढेच ऐकू येत होते. वरून टपालाची लाल गाडी उतरत होती. तिचा चालक मला बघून थांबला नाही की घाईही केली नाही. त्याने वळणाच्या बाहेरच्या कडेला बरोबर एक वीत अंतर ठेवून गाडी वळवली, माझ्या आरशाजवळून नेली, स्टिअरिंगवरचे एक बोट उचलले आणि निघून गेला. रोज हा घाट चालवणाऱ्या माणसाचा वेग ताशी पंधरा मैल होता. त्या वळणाला किती वेग योग्य, हे मला त्या दिवसापासून कोणाला विचारावे लागलेले नाही. माथ्यावर गाडी लावायला जागा आहे आणि हवा स्वच्छ असेल तर समोर रासे आणि स्काय ही बेटे दिसतात.

तिसऱ्या दिवशी फक्त शंभर किलोमीटर. अ‍ॅपलक्रॉसहून किनाऱ्याने शील्डेग, मग ए-८९६ वरून टॉरिडनची दरी आणि किनलॉख्यू, तिथून लॉख मरीच्या काठाने गेअरलॉख. टॉरिडनमध्ये १,०५५ मीटरचा लियाथख डोंगर रस्त्याच्या कडेपासून थेट उभा राहतो. त्याचा शेजारी बेन एय १९५१ मध्ये ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाला. दरीतला एकपदरी भाग संपून किनलॉख्यूनंतर दुपदरी रस्ता सुरू झाला की सगळ्यांचाच पाय जड होतो. तिथे स्वतःला आवरावे, कारण तलावाकाठच्या वळणांवर झाडीतून हरणे येतात.

चौथा दिवस गेअरलॉखहून लॉखइन्व्हर, सुमारे १५० किलोमीटर. सकाळी इन्व्हरयूची बाग पाहावी. ओसगूड मॅकेंझी यांनी १८६२ मध्ये उघड्या खडकावर ती उभारायला सुरुवात केली. पुढे डंडोनलपासून ब्रेमोरपर्यंत उघड्या माळावरून जाणाऱ्या तुकड्याला लोक ‘डेस्टिट्यूशन रोड’, म्हणजे दैन्याचा रस्ता म्हणतात. १८४६-४७ मध्ये बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी माणसांनी अन्नाच्या मोबदल्यात तो बांधला. आज तो चालवायला फार सुंदर रस्ता आहे, आणि तो कशातून झाला हे माहीत असावे म्हणून इथे लिहितो. उल्लापूलला जेवण आणि पेट्रोल. त्यानंतर नॉकन क्रॅग इथे उतरून थोडे चढावे. तिथे जुना खडक नव्या खडकाच्या वर बसलेला उघड दिसतो. पृथ्वीचे प्रचंड थर एकमेकांवर सरकू शकतात, हे याच भागात बेन पीच आणि जॉन हॉर्न या भूगर्भशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आणि १९०७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मग लॉख अ‍ॅसिंटच्या काठावर आर्डव्हरेक किल्ल्याचे भग्न बुरूज आणि संध्याकाळी लॉखइन्व्हर.

पाचव्या दिवशी निर्णय घ्यावा लागतो. लॉखइन्व्हरहून बी-८६९ हा किनाऱ्याचा रस्ता ड्रमबेगमार्गे काइलस्क्यूकडे जातो. तो अरुंद आहे, चढ उभे आहेत आणि माथ्यावर बॉनेटशिवाय काही दिसत नाही. गाडी लहान असेल आणि तीन दिवसांत हात बसला असेल तर हाच घ्यावा, अख्मेल्विकच्या पांढऱ्या वाळूसाठी तरी. गाडी रुंद किंवा फार खाली असेल तर तळ घासतो, अशा वेळी आल्या वाटेने लॉख अ‍ॅसिंटवरून ए-८९४ धरावा. दोन्ही वाटा काइलस्क्यूला भेटतात. तिथला २७६ मीटरचा पूल १९८४ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी इथे फेरीबोट होती. पूल वळणदार आहे, त्यामुळे रस्ता तोडून तो जोडल्यासारखा वाटत नाही, वळण चालू असतानाच पाण्यावरून जातो. पलीकडे स्कौरी, लॅक्सफर्ड ब्रिज आणि ए-८३८ वरून डरनेस. दिवसभरात जेमतेम शंभर किलोमीटर होतात आणि तेवढेच पुरे वाटतात.

सहावा दिवस सुमारे १८५ किलोमीटरचा आहे, म्हणून आठला निघावे. लॉख एरिबोलला पूर्ण वळसा घालून टंग गाठावे. तिथून बहुतेक जण पूर्वेला थर्सोकडे जातात, मी दक्षिणेला ए-८३६ वर वळतो. नावाने ‘ए’ दर्जाचा असला तरी लेअर्गपर्यंत तो मोठ्या भागात एकपदरी आहे. मधले अल्टनहारा म्हणजे चार घरे. ३० डिसेंबर १९९५ रोजी तिथे उणे २७.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ब्रिटनमधल्या नीचांकाची ती बरोबरी होती. माळ सपाट, साइडच्या जागा दूरवरून दिसणाऱ्या, समोरची गाडी दोन मैलांवरून ओळखू यावी अशी हवा. सहा दिवसांत शिकलेली मोजणी इथे आपोआप जमते आणि दोन गाड्या जवळजवळ न थांबता एकमेकींना ओलांडतात.

लेअर्ग आणि बोनर ब्रिजनंतर ए-९ कडे न जाता बी-९१७६ घ्यावा. स्ट्रूई टेकडीवरून जाणारा हा दुपदरी रस्ता आहे आणि त्याच्या वाटेवर डोर्नोखची खाडी दिसणारी थांबण्याची जागा आहे. तिथे शेवटचा चहा घ्यावा. इन्व्हरनेसला मुक्काम करून सातव्या दिवशी ए-९ वरून कॅमेऱ्यांच्या मर्यादेत एडिनबरा गाठावे, सव्वातीन-साडेतीन तास पुरतात. गाडी परत करण्याआधी जवळच्या पंपावर टाकी भरावी, पुढच्या काचेवर आणि बंपरवर वाळलेली चिलटे ओल्या फडक्याने काढावीत, रिम धुवाव्यात आणि पहिल्या दिवशीचे फोटो उघडून त्याच कोनांतून पुन्हा फोटो काढावेत. कंपनीचा माणूस गाडी तपासून कागदावर सही करेपर्यंत तिथून हलू नये.